चिमूटभर जास्त

छोटीची चाळिशी उलटून बराच काळ झाला होता, केसांत पांढऱ्यांनी काळ्यांना गाठलं होतं, तरी घरात ती छोटीच होती. थोरल्या भावाने एकदा नाव ठेवलं की ते जन्मभर पुरतं. छापखान्यात मात्र तिला समोर ‘बाई’ म्हणत आणि पाठीमागे ‘मोजपट्टी’. माणसाचं चित्र काढताना ती आधी डोक्याची उंची मोजायची, मग तेवढीच डोकी खाली खाली मोजत टाचेपाशी रेघ मारायची आणि मगच त्या चौकटीत माणूस बसवायला घ्यायची. माणूस बसायचाही नीट. फक्त एकदा बसला की तो परत उठेल असं कुणाला वाटायचं नाही.

तिचं काम व्यायामाचे तक्ते काढण्याचं. हाड मोडलेली, पाठ धरलेली, ऑपरेशन झालेली माणसं इस्पितळातून घरी निघतात तेव्हा त्यांच्या हातात एक कागद देतात ना, गुडघा असा वाकवा, हात असा उचला, त्या कागदावरचा माणूस छोटीचा. भिंतीवरचे मोठे तक्तेही तिचेच. वर्षानुवर्षं तोच माणूस, अर्धी चड्डी, बनियन आणि चेहऱ्यावर ओळखपत्राच्या फोटोतला भाव. मान फिरवली तरी तोच भाव, पाय उचलला तरी तोच.

एक दिवस इस्पितळाच्या व्यायाम विभागातल्या मॅडम छापखान्यात आल्या. नव्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवून म्हणाल्या, “राग मानू नका हं, पण हा माणूस बघून पेशंटना वाटतं, व्यायाम केला तर आपण असे होणार.” मालक हसले, यंत्रावरचे दोघे हसले. छोटीही हसली, कारण अशा वेळी न हसणं बरं दिसत नाही. पण बोलणं जिव्हारी लागलं. लागायला कारणही होतं. अशाच अर्थाचं वाक्य ती घरी रोज ऐकत होती, फक्त दादाच्या तोंडून.

दादा भिंतींना गिलावा करायचा. परांचीवरून पडला, पाठीचा मणका दुखावला, आणि वर्ष होत आलं तरी खाटेवरच होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, आमचं काम झालं, आता उठायचं काम तुमचं, रोज व्यायाम करा. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. उशाशी छोटीनेच काढलेला कागद चिकटवला होता. त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, “छोटे, हा माझ्यापेक्षा आजारी आहे गं. आधी याला बरं कर, मग माझं बघू.” वहिनी सकाळी एका शाळेत साफसफाईला जायची आणि उरलेला दिवस दादाचं करायची. घर चालायचं ते छोटीच्या पगारावर. हे तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही त्याबद्दल बोलत नसत.

मॅडमच्या बोलण्यानंतर मालकांनी छोटीला संध्याकाळच्या चित्रकलेच्या वर्गाला घातलं. या वयात दप्तर घेऊन शाळेत जायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. वर्ग एका शाळेच्या सभागृहात भरायचा. मास्तर म्हातारे, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी फर्मान काढलं, “खोडरबर ज्यांच्याकडे असतील त्यांनी इथे टेबलावर आणून ठेवा. जाताना परत मिळतील.” छोटीने तीन ठेवले. मास्तरांनी चष्म्यावरून बघितलं.

समोर चौथऱ्यावर एक बाई उभी राहायची. दिवसा ती मुलांना पोहायला शिकवायची, अंगाने चपळ. मास्तर घड्याळ लावायचे. अर्धं मिनिट ती चेंडू फेकतेय तशी, घंटी वाजली की पुढचं अर्धं मिनिट दोर ओढतेय तशी. तेवढ्यात काढायचं, नाहीतर सोडून द्यायचं. छोटीने सवयीने डोकं मोजायला घेतलं. डोकं जमेपर्यंत घंटी वाजायची. वर्ग संपला तेव्हा तिच्या कागदावर नुसती डोकी होती, धड एकालाही नाही.

“बाई, हे काय हत्याकांड मांडलंय?” मास्तर म्हणाले.

वर्ग खदखदून हसला. छोटीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने शिंक आल्याचं सोंग करून पुसलं.

मास्तर वाईट नव्हते. सगळे गेल्यावर तिच्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, “याला जेश्चर ड्रॉइंग म्हणतात. मी आपलं ढब पकडणं म्हणतो. नाकडोळे कुठे पळून जात नाहीत, ते नंतर काढता येतात. आधी वजन कुठल्या पायावर आहे ते बघा. जोर कुठून निघतो आणि कुठे पोचतो ते बघा. टाचेपासून मानेपर्यंत एक रेघ जाते. ती एकदा सापडली की बाकीचं अंग तिच्यावर टांगायचं.” मग कोळशाचा तुकडा बोटांत फिरवत म्हणाले, “आणि एक लक्षात ठेवा. डोळ्याला जेवढं वाकलेलं दिसतं तेवढंच काढलं ना, तर कागदावर ते ताठ दिसतं. कागद हालचाल खातो. म्हणून चिमूटभर जास्त.”

छोटीने हे मनात कोरून ठेवलं. कोरून ठेवणं तिला जमायचं. हात मात्र ऐकेना. रांगेत उभी राहिली की पुढच्या माणसाची टाच बघायची, स्टॉपवर उभ्या बायकांच्या कमरा न्याहाळायची. एकीने तर विचारलंही, “काय हरवलंय का तुमचं?” वर्गात घंटी वाजली की हात पुन्हा डोकंच मोजायला घ्यायचा. कळत नव्हतं असं नाही. कळत होतं, वळत नव्हतं.

जमलं ते छापखान्याच्या मागच्या दारात. कागदाचे गठ्ठे आले होते आणि हमाल एकेक गठ्ठा खांद्यावर घेऊन आत येत होता. मोठा गठ्ठा उचलताना तो आधी खाली बसला, क्षणभर थांबला आणि मग टाचेतून निघालेला जोर मांडीतून, कमरेतून, पाठीतून वर चढत गेला. छोटीला तो चढताना दिसला. हातात दुसऱ्याच कशाचा तरी कागद होता, त्याच्या पाठीवर तिने एक रेघ ओढली, दोन ओढल्या, आणि हमाल कागदावर उठून उभा राहिला. तिने काही मोजलं नव्हतं.

हमालाने वाकून बघितलं. “मीच की हा! पण बाई, माझं नाक?”

“नाक नंतर.”

“नंतर म्हणजे कधी? घरी दाखवायचंय.”

तिने नाक काढून दिलं. अख्ख्या चित्रात तेवढंच वाईट आलं.

त्यानंतर छोटी सुटलीच. साऱ्या तक्त्यांचं काम तिने नव्याने अंगावर घेतलं. बनियनवाला हद्दपार झाला. नवा माणूस हात उचलायचा तर बोटांच्या टोकापर्यंत उचलायचा. खुर्चीत बसून कंबर वळवायचा व्यायाम होता, त्यात तो असा वळला होता की खुर्चीसुद्धा कुरकुरेल. मॅडम बघून हरखल्या. खालचा मजकूर त्यांनी शब्दन् शब्द तपासला, चित्रांवरून कौतुकाने नजर फिरवली आणि सही केली. मालकांनी पेढे नाही वाटले इतकंच. इस्पितळाच्या प्रत्येक मजल्यावर नवे तक्ते लागले.

छोटीने एक कागद घरी आणला आणि उशाशी जुन्याच्या जागी लावला. दादाने मान उचलून बघितलं.

“हा कोण?”

“कुणी नाही. असाच.”

“याला काही झालेलं दिसत नाही,” दादा म्हणाला. “याच्याकडे बघून उठावंसं वाटतंय गं मला.”

आणि खरंच, त्या आठवड्यात दादा उठून बसला. आधी खाटेच्या कडेवर, मग खुर्चीत. भिंतीला धरून दारापर्यंत गेला. वहिनी शाळेतून आली आणि तो तिला दारात उभा दिसला, तर ती हातातली पिशवी न ठेवताच रडायला लागली. दादा म्हणाला, “रडतेस काय, आत येऊ देऊ की नको?” त्या रात्री तिघं एकत्र जेवली. वहिनी छोटीच्या ताटात वाढताना म्हणाली, “वन्सं, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घालायला हवं.” छोटीला आयुष्यात इतकं कधी कुणी म्हटलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती त्या दिवसांत हवेत होती.

सुट्टीचा दिवस होता. वहिनी बाजारात गेली होती. दादा खुर्चीत बसून कंबर वळवायचा व्यायाम करत होता आणि छोटी समोर पेन्सिल घेऊन त्याची ढब पकडत होती. तिने कागदावरच्या माणसाकडे बघितलं, मग दादाकडे. चित्रात खांदा गुडघ्याच्या पलीकडे गेला होता. दादाचा अलीकडेच अडला होता. चित्र आणि माणूस यांत फरक पडला की चित्र दुरुस्त करायचं, हे कुठल्याही पोराला कळतं. छोटीला त्या दिवशी ते कळलं नाही. आपलं चित्र इतकं आवडलं होतं तिला, की तिने माणूस दुरुस्त करायला घेतला.

“चित्रासारखा, दादा. अजून थोडा.”

दादाने खुर्चीची पाठ धरली आणि स्वतःला ओढलं.

“अजून थोडा. आला, आला.”

दादाच्या तोंडून आवाज आला नाही. फक्त चेहरा पांढराफटक पडला आणि हात खुर्चीवरून सुटला. छोटीने त्याला कसंबसं खाटेवर आणलं. कमरेतून कळ निघून डाव्या पायात उतरत होती. संध्याकाळपर्यंत कळ जरा कमी झाली, पण डावं पाऊल वर उचलेना. पाय गुडघ्यातून उचलला की पाऊल खाली लोंबायचं.

वहिनी आल्यावर दादाच बोलला. “खुर्चीवरून उतरताना पाय मुरगळला. माझीच घाई नडली.” आणि वहिनी पाणी आणायला वळली तेव्हा त्याने छोटीकडे बघून हलकेच मान हलवली. नको बोलूस.

छोटी बोलली नाही. रात्री तो कागद घेऊन ती स्वयंपाकघरात बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने मोजपट्टी काढली. खांदा मोजला, कंबर मोजली, कोन लावला. कुठल्याही जिवंत माणसाची कंबर बसल्या जागी तेवढी वळत नाही. आजाऱ्याची तर नाहीच. मास्तर म्हणाले होते चिमूटभर, तिने मूठभर घातलं होतं. आणि मास्तरांनाही कुठे माहीत होतं की ही बाई ज्यांच्यासाठी चित्रं काढते ती माणसं चित्र बघत नाहीत, चित्रासारखं करतात?

हे सांगायचं तर नोकरी जाणार. नोकरी गेली तर दादाचं औषधपाणी कशावर? दादाने सकाळी तेच ऐकवलं. “माझा पाय काय सांगून परत येणार आहे? तू गप्प बस. तुझ्या वहिनीला कळलं तर ती तुला घरात उभी करणार नाही. आणि तू नसलीस तर आम्ही काय खाणार?” छोटी गप्प बसली. छापखान्यात जाऊन त्याच तक्त्याची नवी खेप निघताना बघितली. यंत्र खाडखाड चालू होतं आणि तो माणूस एकामागून एक, एकामागून एक, तसाच वळलेला बाहेर पडत होता. तिला उलटी झाली. यंत्रावरच्याने विचारलं, तर म्हणाली, शाईचा वास.

दादाला तपासायला इस्पितळात न्यायचं ठरलं. व्यायाम विभागाच्या बाहेरच्या लांब बोळात तिघं नंबराची वाट बघत होती. दादा चाकांच्या खुर्चीत, मागे खुर्चीचा दांडा धरून वहिनी, बाजूला बाकावर छोटी. समोरच्या भिंतीवर तिचा तक्ता. आणि त्याच्या खाली खुर्चीत एक आजोबा बसले होते, पाठीला पट्टा बांधलेला. नंबर यायला वेळ होता म्हणून ते तक्त्याकडे बघून कंबर वळवत होते. आजी शेजारी उभी राहून देखरेख करत होती.

तिने दादाकडे बघितलं. दादाने तेही बघितलं होतं. त्याने पुन्हा तशीच मान हलवली, पण या वेळी त्याची नजर तिच्या नजरेला भिडेना.

आजोबा अडले. आजी तक्त्यावर बोट ठेवून म्हणाली, “अहो, चित्रात बघा की. अजून थोडं जायला हवं.”

आजोबांनी खुर्चीची पाठ धरली.

“थांबा!” छोटी इतक्या जोरात ओरडली की बोळातली सगळी माणसं जागच्या जागी थिजली. “सोडा तो हात. वळू नका तेवढं.”

“पण चित्रात तर…”

“चित्र चुकलंय. मी काढलंय ते. माणूस तेवढा वळत नाही. मी वळवलाय.” आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं. “आमच्या दादाला मीच असं वळायला लावलं. पाय मुरगळलेला नाही त्याचा. मी समोर बसून म्हणत होते, अजून थोडा, अजून थोडा.”

मॅडम दार उघडून बाहेर आल्या होत्या. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं, आणि त्यांचा हात तोंडावर गेला. पण छोटी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती वहिनीकडे बघत होती. वहिनीने खुर्चीचा दांडा सोडला, पुढे आली, आणि दादाच्या समोर उभी राहून फक्त म्हणाली, “तुम्हीपण?”



त्या दिवसापासून वहिनीने दोघांशीही बोलणं टाकलं. जेवण वेळेवर व्हायचं, दादाचं सगळं व्हायचं, छोटीचे कपडे घडी होऊन जागेवर असायचे, पण वहिनीच्या तोंडून ब्र निघायचा नाही. छोटीला वाटायचं, यापेक्षा तिने दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. इस्पितळाने तक्ते उतरवले, मालकांना गठ्ठे परत घ्यावे लागले. मालकांनी छोटीला कामावरून काढलं नाही आणि ठेवलंय असंही सांगितलं नाही. मॅडमनी मात्र अर्धा दोष उघडपणे स्वतःकडे घेतला. सही माझी होती, म्हणाल्या. आणि वर म्हणाल्या, कागद लवकर हवेत, लोकांच्या हातात द्यायला काहीच नाही.

छोटीने मुकाट्याने बनियनवाला बाहेर काढला. तो तरी कुणाचं वाईट करत नव्हता. दादाने खाटेवरून बघितलं.

“छोटे, त्याला परत नको आणूस.”

“तो बरा आहे, दादा.”

“त्याच्याकडे बघत मी वर्षभर पडून होतो. तो दुसरा आला म्हणून उठलो. पाय गेला ते खरं, पण उठलो तेही खरंच ना?” दादाचा आवाज चिरकला. “मला आता त्या पावलाचा व्यायाम करायचाय. याच्याकडे बघून नाही व्हायचा माझ्याच्यानं.”

छोटीने तो कागद बाजूला ठेवला. वहिनी दारात कणीक मळत होती. तिने ऐकलं असावं, पण हात थांबले नाहीत.

पुढच्या वेळी दादाला व्यायामाला नेलं तेव्हा छोटी कागद-पेन्सिल घेऊन गेली. मॅडमनी सांगितलं होतं, माझ्यासमोर बसून काढा, एकेक कोन मी बघते. दादा खाटेवर पडून पाऊल उचलायचा प्रयत्न करत होता. पाऊल उचललं जात नव्हतं. कंबर वळवायच्या चित्रासाठी खुर्चीत बसायला कुणीतरी हवं होतं, आणि विभागातल्या सगळ्यांचे हात गुंतलेले होते.

वहिनीने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि खुर्चीत जाऊन बसली. “सांगा मॅडम, किती वळायचं.”

मॅडमनी खांद्याला हात लावून सांगितलं, इथपर्यंत, याच्यापुढे अजिबात नाही. वहिनी वळली. बरोबर तेवढीच वळली आणि तिथे थांबली. छोटीने बघितलं. वळण थोडंसंच होतं, एरवी तिने ते कागदावर ठेवलंच नसतं, ओढून पुढे नेलं असतं. पण त्या थोड्याशा वळणात वहिनीच्या दोन्ही टाचा जमिनीत रुतल्या होत्या, कंबर ताठ होती, खुर्ची धरलेल्या बोटांची पेरं पांढरी पडली होती आणि मान अशी वळली होती की काही झालं तरी छोटीकडे बघायला लागू नये. बोळातल्या त्या दिवसापासून न बोललेलं सगळं तिच्या पाठीत होतं. छोटीने एक रेघ ओढली. मग दुसरी. दिसलं तेवढंच काढलं, कणभरही जास्त नाही. काढताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि या वेळी तिने शिंकेचं सोंग केलं नाही.

मॅडमनी कोन लावून बघितला. “अगदी बरोबर. आणि जिवंत आहे हो.” मग जरा घुटमळल्या. “फक्त… ही बाई थोडी रागावलेली वाटतेय. पेशंटसाठी जरा सौम्य करता येईल का?”

छोटीने पेन्सिल उचलली. वहिनी खुर्चीतून उठून आली, तिने कागद हातात घेतला आणि त्यातल्या स्वतःकडे बघितलं.

“रागावलेलीच आहे मी, वन्सं,” ती म्हणाली. “तशीच राहू द्या.”